गळा, बाही, घेर : ब्रिटिश राण्यांचे चित्रपट कसे बघावेत

मी नाटकांचा कपडेपट बघते. नारायण पेठेतल्या एका वाड्याचा तळमजला, दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि छतापर्यंत ट्रंका, एवढा माझा संसार. २६ वर्षं झाली. पेशवाई शिवताना मला चित्र बघावं लागत नाही, हात आपसूक चालतो. इंग्रज बायका शिवायच्या म्हटलं की मात्र आजही आठवडाभर अभ्यास करते. त्याला कारण घडलंय.

आठेक वर्षांपूर्वी एका नाटकात २२ जून १८९७ ची रात्र होती. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली, ती ही रात्र. मेजवानीतल्या दोन मडमा मला शिवायच्या होत्या. मी राणीवरचाच एक चित्रपट लावला आणि त्यातला घेर उचलला. आत गोल कड्या, वर घुमटासारखा फुगलेला घागरा. रंगमंचावर तो फार देखणा दिसला. प्रयोग संपल्यावर एक आजी आत आल्या. त्यांनी घागऱ्याची कड चिमटीत धरली आणि मला म्हणाल्या, "बाळ, काम सुरेख आहे. पण हा घेर या रात्रीच्या तीस-पस्तीस वर्षं आधीचा आहे." आजींचं बरोबर होतं. चित्रपटातली राणी तरुण होती, माझ्या नाटकातली राणी ७८ वर्षांची. मी राणी बघितली, साल बघितलं नाही.

तेव्हापासून राण्यांचे चित्रपट कसे बघायचे याची मी एक पद्धत बसवली आहे. ती शिवणकामातून आली असली तरी सुईत दोरा ओवता न येणाऱ्यालाही जमेल.

आधी तीन सालं लिहा

चित्रपट लावण्याआधी कागदावर तीन सालं लिहायची. राणीचा काळ, पडद्यावरचा प्रसंग ज्या वर्षी घडतो ते वर्ष आणि चित्रपट बनला ते वर्ष. तिसरं साल बहुतेक जण विसरतात आणि घोळ तिथेच होतो.

१९३७ चा 'फायर ओव्हर इंग्लंड' घ्या. फ्लोरा रॉब्सन पहिली एलिझाबेथ झाली आहे आणि समुद्रापलीकडून स्पेनचं आरमार येतंय. युरोपात तेव्हा हिटलरची छाया पसरत होती. तीन वर्षांनी 'द सी हॉक'मध्ये हीच अभिनेत्री पुन्हा एलिझाबेथ झाली. शेवटी ती जे भाषण करते ते १५८८ च्या इंग्लंडला उद्देशून नाहीच, ते १९४० च्या प्रेक्षकाला धीर द्यायला लिहिलेलं आहे. चित्रपटाचं साल समोर नसेल तर ते भाषण इतिहास म्हणून डोक्यात बसतं.

पहिल्यांदा सलग बघा

मध्ये थांबवू नका. रडू आलं तर रडा. केट ब्लँचेटची एलिझाबेथ शेवटी केस कापून, चेहरा पांढरा करून दरबारात येते, तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो. शेखर कपूर यांचा 'एलिझाबेथ' (१९९८) मी किमान दहा वेळा बघितलाय. त्यातल्या चुका मला पाठ आहेत, तरीही काटा येतो. तो यायला हवा.

दुसऱ्या दिवशी एकच प्रसंग निवडायचा. आवाज बंद करायचा आणि चित्र तीन ठिकाणी थांबवायचं: गळा, बाही, घेर. आवाज बंद असणं महत्त्वाचं. संवाद ऐकू येत असले की डोळा चेहऱ्यावरून हलत नाही.

गळा

ट्यूडर काळासाठी, म्हणजे एलिझाबेथच्या घराण्याच्या काळासाठी, गळ्याइतका सच्चा साक्षीदार नाही. एलिझाबेथ १५५८ च्या नोव्हेंबरात राणी झाली, तेव्हा गळ्याशी फक्त बारीक झालर असायची. १५६० च्या दशकात नेदरलँड्सकडून कापडाला खळ लावायची कला इंग्लंडात आली आणि झालर वाढत गेली. १५८० च्या दशकात ती ताटाएवढी झाली. पातळ तागाचं कापड, त्याला कडक खळ, मग तापवलेल्या लोखंडी कांडीवर एकेक चुणी वळवायची. मी एकदा मांजरपाटावर हा नमुना करून बघितला. आठ मीटरची पट्टी संपली आणि हातात आली जेमतेम एक गळपट्टी. मांजरपाट त्यासाठी जाड पडतो हेही कळलं. तेव्हापासून पडद्यावर असा गळा दिसला की मला आधी खळ करणारे हात दिसतात. म्हातारपणीच्या चित्रांत हीच झालर पुढून उघडी आणि मागे पंख्यासारखी उभी दिसते.

तेव्हा नियम सोपा आहे. राणी विशीतली आहे आणि गळ्याशी ताट आहे, तर चित्रपटाने काळ मागेपुढे केलाय. प्रत्येक वेळी ती चूकच असते असं नाही. दिग्दर्शकाला 'आता ही पुतळा झाली' असं म्हणायचं असेल तर ताट आधी आणतात. तुमच्या लक्षात आलं पाहिजे, एवढंच.

राज्याभिषेकाचा प्रसंग इथेच थांबवून बघा. १५ जानेवारी १५५९ ला एलिझाबेथला मुकुट चढला. त्या पोशाखातलं तिचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, केस मोकळे सोडलेले आणि अंगभर सोनेरी जर. १९९८ च्या चित्रपटातली वेशभूषा अलेक्झांड्रा बर्न यांची. त्यांनी हा प्रसंग त्या चित्रावरूनच उभा केला. चित्रपट एक गोष्ट सांगत नाही, ती मी सांगते. तो पोशाख तिच्या बहिणीचा होता. मेरी ट्यूडरने १५५३ मध्ये राज्याभिषेकाला घातलेलं सोनेरी वस्त्रच एलिझाबेथसाठी वापरलं, चोळी आणि बाह्या तेवढ्या नव्या शिवल्या. याच बहिणीने तिला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत डांबलं होतं. तिचंच वस्त्र आल्टर करून ही मुकुट घ्यायला गेली. मला त्या दोघींबद्दल जे समजलं ते या एका आल्टरेशनमधून समजलं.

बाही

त्या काळी बाही चोळीला शिवलेली नसायची. वेगळी असायची, नाडीने किंवा टाचण्यांनी अडकवायची. ही एक गोष्ट ध्यानात ठेवून स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शेवट बघा.

८ फेब्रुवारी १५८७, फोदरिंगे किल्ला. एलिझाबेथच्या कैदेत १९ वर्षं काढून मेरी वधस्तंभाकडे आली ती काळ्या कपड्यांत. वरचं काळं उतरवलं तर आत लाल. मग तिच्या बायकांनी तिच्या हातांत लाल बाह्या चढवल्या. कॅथलिकांमध्ये लाल हा हुतात्म्याचा रंग. म्हणजे मरायच्या आधी काही क्षण तिने बाह्या बदलून एक वाक्य उच्चारलं आणि ते सगळ्या साक्षीदारांना वाचता आलं. २०१८ च्या 'मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स'मध्ये सर्शा रोननच्या अंगावरचं काळं उतरतं आणि लाल झळकतं, तो क्षण खरा आहे. वेशभूषा पुन्हा अलेक्झांड्रा बर्न यांचीच. आता त्याच चित्रपटात इतर ठिकाणी कापड नीट बघा. डेनिम आहे! आपली जीन्स असते ते कापड. १६ व्या शतकात असलं काही दरबारात नव्हतं. बर्न यांनी ते मुद्दाम घेतलं. मला सुरुवातीला राग आला. नंतर मी डेनिमची एक चोळी शिवून बघितली, तेव्हा लक्षात आलं की ते कापड घोड्यावर बसणाऱ्या, चिखलातून चालणाऱ्या बाईच्या अंगावर जसं बसतं तसं रेशीम बसणार नाही. हा निर्णय आहे, निष्काळजीपणा नव्हे. या दोन्हींतला फरक ओळखणं हीच या सगळ्या खटाटोपातली कळीची गोष्ट.

मेरीचा हा वध चित्रपटाच्या जन्मापासून पडद्यावर आहे, हेही सांगून टाकते. १८९५ मध्ये एडिसनच्या कंपनीने त्यावर जेमतेम १८ सेकंदांची फिल्म काढली. मेरीचं काम पुरुषाने केलं. कुऱ्हाड पडायच्या आधी कॅमेरा थांबवून माणसाच्या जागी बाहुली ठेवली. आपला 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून १८ वर्षं होती. ही फिल्म इंटरनेटवर सहज सापडते, जरूर बघा.

व्हिक्टोरियाच्या बाबतीत बाही फसवते. खांद्यापाशी उशीसारखी फुगलेली बाही दोनदा येऊन गेली, एकदा १८३० च्या दशकात आणि पुन्हा १८९५ च्या आसपास. ती राज्यावर आली १८३७ मध्ये, तेव्हा पहिली लाट नुकतीच ओसरत होती. नुसती फुगलेली बाही बघून साल ठरवलंत तर ६० वर्षांची चूक होईल. तेव्हा घेराकडे जायचं.

घेर

माझी चूक इथेच झाली होती, म्हणून हे पाठ करून ठेवा. एलिझाबेथच्या बहुतेक काळात आतल्या कड्यांमुळे घागरा घंटेसारखा दिसतो, १५९० च्या दशकात कमरेपाशीच ढोलासारखा आडवा पसरतो. तरुण व्हिक्टोरियाचा घेर एकावर एक घातलेल्या परकरांचा, कड्या नाहीत. पोलादी कड्यांचा पिंजरा आला १८५६ नंतर आणि १८६० च्या दशकाच्या शेवटी गेला. मग सगळा फुगवटा मागे सरकला, कमरेच्या पाठीमागे. १८९७ पर्यंत तोही जाऊन कळ्यांचा घागरा आला, नितंबांवर चापून बसलेला आणि खाली घंटेसारखा सुटणारा. माझ्या मडमांना तो हवा होता. पुढच्या प्रयोगाआधी मी दोन्ही घागरे उसवले. कड्या काढल्या, सात-सात कळ्या बेतल्या, बाहीला फक्त खांद्याच्या टोकाशी चुण्या दिल्या. त्या आजींना तिकिटं पाठवून पुन्हा बोलावलं.

शिलाईवरही नजर टाका. १८५० च्या आधीचा प्रसंग असेल आणि जवळून दाखवलेल्या कापडावर एकसारखी, यंत्राची टीप दिसली, तर ती आजची शिलाई आहे. हातशिलाईचा टाका कितीही सराव असला तरी किंचित हलतो.

कपड्यांची झडती वेगळी, गोष्टीची वेगळी

चित्रपटाचे कपडे खरे म्हणून गोष्ट खरी ठरत नाही आणि उलटही नाही. 'द यंग व्हिक्टोरिया' (२००९) घ्या. वेशभूषाकार सँडी पॉवेल यांनी केन्सिंग्टन राजवाड्यात जपलेले व्हिक्टोरियाचे कपडे बघून काम केलं. त्यांना ऑस्कर मिळालं आणि ते सार्थ आहे. पण त्याच चित्रपटात राणीवर गोळी झाडली जाते आणि तिच्या नवऱ्याच्या, अल्बर्टच्या, हाताला लागते. १० जून १८४० ला एडवर्ड ऑक्सफर्डने गोळ्या झाडल्या हे खरं. अल्बर्टला मात्र काही लागलं नव्हतं.

मेरी आणि एलिझाबेथची भेट तशीच. २०१८ च्या चित्रपटात धुण्याच्या घरात, टांगलेल्या पांढऱ्या कापडांच्या आडून दोघी समोरासमोर येतात. १९७१ च्या चित्रपटातही भेटतात. प्रत्यक्षात त्या आयुष्यात एकदाही भेटल्या नाहीत, फक्त पत्रं लिहिली. ही भेट जर्मन नाटककार शिलरने १८०० मध्येच रंगमंचावर घडवून आणली होती. नाटकवाली म्हणून मला ती का लागते हे कळतं. पण मेरीचं खरं दुःखच ते आहे, की १९ वर्षं ती त्या भेटीची वाट बघत राहिली. भेट दाखवली की ते दुःख हातातून निसटतं.

१९९८ च्या 'एलिझाबेथ'मध्ये राणीच्या मर्जीतल्या रॉबर्ट डडली या सरदाराचं लग्न झालंय हे राणीला ठाऊक नसतं आणि पुढे तो कटात सामील होतो. खरं म्हणजे त्याचं लग्न १५५० मध्ये उघडपणे झालं, राणीचा भाऊ एडवर्ड त्याला हजर होता. डडली १५८८ मध्ये मरेपर्यंत तिचा माणूस राहिला. त्याचं शेवटचं पत्र तिने जपून ठेवलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने तशी नोंद केली. पटकथेत घालता आलं असतं तर यापेक्षा मोठा प्रसंग कुठला होता?

कोण गाळलंय तेही शोधा. 'द फेव्हरिट' (२०१८) मधली ॲन राणी ऑलिव्हिया कोलमनने जीव ओतून केली आहे. तिच्या खोलीतले १७ ससे कुठल्याही कागदपत्रात नाहीत. १७ हा आकडा मात्र खरा आहे. ॲनला १७ वेळा दिवस गेले आणि वारस म्हणून एकही मूल उरलं नाही. सर्वांत जास्त जगलेला मुलगा १७०० मध्ये ११ व्या वर्षी गेला. तिचा नवरा, डेन्मार्कचा जॉर्ज, १७०८ पर्यंत हयात होता आणि चित्रपटात तो नाहीच. नवरा काढला की राणी जास्त एकटी दिसते. याही चित्रपटाचे कपडे सँडी पॉवेल यांचे. दरबार काळा-पांढरा ठेवलाय, स्वयंपाकघरातल्या बायकांना जुन्या जीन्सचं कापड उसवून शिवलेले झगे दिलेत. पुन्हा निर्णय.

'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' (२०१७) बघताना मात्र आपण भारतीयांनी थोडं जास्त थांबावं. आग्र्याचा अब्दुल करीम १८८७ मध्ये राणीच्या चाकरीत गेला, तिला हिंदुस्थानी शिकवली, हे सगळं खरं. जुडी डेंचने त्याच्या वीस वर्षं आधी 'मिसेस ब्राउन'मध्येही विधवा व्हिक्टोरिया केली होती. दोन्ही लागोपाठ बघा, एकाच अभिनेत्रीचं काळं रेशीम दोनदा किती वेगळं दिसतं ते कळेल. करीमकडची राणीची पत्रं तिच्या मुलाच्या हुकमाने जाळली गेली. पण ही मैत्री चालू होती त्या वर्षांत आणि त्याच्या आधीही आपल्याकडे काय चाललं होतं हे चित्रपटात तुम्हाला सापडणार नाही, ते सोबत घेऊन बसा. १८७७ मध्ये ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा दिल्ली दरबार भरला, तेव्हा दख्खनात दुष्काळ होता. पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्या दरबाराला हाताने कातलेल्या खादीत गेले. कपड्यांनी बोलणं काय असतं हे बघायला लंडनपर्यंत जायची गरज नाही. आणि ज्या दामोदर चापेकरांनी रँडच्या वधाचा कट रचला, त्यांनी त्याआधी मुंबईतल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं.

जुनी चित्रं बघताना

पडताळायला जुनी चित्रं घ्याल, पण तीही डोळे झाकून घेऊ नका. हॅटफिल्ड हाउसमध्ये एलिझाबेथचं एक चित्र आहे, साधारण १६०० चं. तेव्हा ती सत्तरीकडे झुकलेली, चित्रात मात्र कोवळी तरुणी. अंगरख्यावर डोळे आणि कान भरलेले आहेत: राणी सगळं बघते, सगळं ऐकते. चेहरा खोटा, कपडा बोलका. चोळीवर मात्र फुलं भरलेली आहेत आणि तशाच भरतकामाचं एक कापड इंग्लंडातल्या बॅक्टन गावच्या चर्चमध्ये वेदीवर अंथरलेलं होतं. रुपेरी कापड, त्यावर फुलं, किडे, प्राणी. ते एलिझाबेथच्याच पोशाखाचं असावं असं आता अभ्यासक मानतात. एवढ्या कपड्यांपैकी एवढंच उरलं. त्याचे जवळून काढलेले फोटो मिळाले तर मोठे करून बघा.

व्हिक्टोरियाच्या बाबतीत आपलं भाग्य म्हणजे ती स्वतः चित्रफितीत आहे. १८९६ मध्ये बालमोरलला तिची पहिली फिल्म घेतली. १८९७ च्या मिरवणुकीचीही आहे, गणेशखिंडीतल्या त्या रात्रीच्याच दिवसाची. मुकुट नाही, टोपडं घातलंय, आणि पायऱ्या चढवत नाहीत म्हणून सेंट पॉलच्या बाहेर गाडीतच बसून प्रार्थना. १९०० मधल्या डब्लिनच्या फितीत तर काळा चष्मा घालून हसतेय. कुठलाही चित्रपट लावण्याआधी ही मिनिटभराची फीत बघा. अल्बर्ट गेला १४ डिसेंबर १८६१ ला. पुढे ३९ वर्षं तिने काळं सोडलं नाही. २२ जानेवारी १९०१ ला ती गेली, तेव्हा तिच्याच सूचनेप्रमाणे पांढरे कपडे आणि लग्नातली जाळी घालून तिला पेटीत ठेवलं.

घरात जुना राणीछाप रुपया असेल तर तोही बाहेर काढा. माझ्या आजीचा एक माझ्या मशिनीच्या खणात असतो, १८६२ चा. भिंगाखाली धरला की चोळीवरचं भरतकाम मोजता येतं. माझ्या भावाकडे १९०१ चा आहे, त्यावर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलंय. चेहरा तोच आहे. इंग्लंडच्या नाण्यांवर राणी म्हातारी झाली, डोक्यावर जाळी आली. आपल्या रुपयावर ती १८६२ मध्ये जशी होती तशीच शेवटपर्यंत राहिली. दोन्ही रुपये शेजारी ठेवून, मग डब्लिनची ती फीत लावा.